खोगिराच्या दोऱ्यानं शिवलेलं शास्त्र

औरंगाबादच्या छावणीत चहा न पिणारं घर एकच होतं, ते पुस्तकं बांधणाऱ्या सांडू फकिरा जिल्दसाजाचं. चहा नाही, तंबाखू नाही, शेंदी तर लांबच. पाहुणा आला की गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी. शहागंजातला त्याचा उस्ताद इब्राहीमभाई रोज दुपारी स्वतःची कपबशी तोंडाला लावायचा आणि म्हणायचा, "सांडू, तेरा खुदा खुदा है का हकीम? नुस्तं पथ्यच पथ्य!" सांडू तापायचा. तापायला त्याला कारण लागत नसे. वय छप्पन्न झालं होतं, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पण तापणं काही थंड झालं नव्हतं.

या घराला लोक 'बुडीवाले' म्हणायचे, त्याची हकिकत अशी. सांडूचा बाप फकिरा पुण्याच्या छावणीत घोड्यांचा मोतद्दार होता. सत्तावनच्या बंडाला दोन-तीन वर्षं अवकाश होता तेव्हा तिथं अमेरिकेहून एक साहेब आला. ना बंगला, ना पगार, बुटाला भोक. त्याच्या पंथाला मॉर्मन म्हणायचे. या साहेबानं महारवाड्यातल्या फकिराला समोर बसवून वाचायला शिकवलं, नदीत आखाच्या आखा बुडवून बाप्तिस्मा दिला, आणि डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "आता तू दुसऱ्यांना बुडव, तुला अधिकार आहे." ज्याच्या सावलीचाही लोकांना विटाळ होत होता त्याच्या डोक्यावर कोणीतरी हात ठेवला! फकिरा तो हात मरेपर्यंत विसरला नाही. साहेबानं जाताना दोन पुस्तकं दिली. एक मराठीतलं पवित्र शास्त्र. दुसरं त्यांच्या पंथाचं, सगळं इंग्रजीत. मग साहेब बोटीत बसला, आणि पुन्हा त्यांच्यातलं कोणी या मुलखात फिरकलं नाही.

फकिरा रिसाल्याबरोबर निजामाच्या राज्यात, औरंगाबादला आला. इथं त्यानं सहा-सात घरं जमवली. पुढं काही पटकीनं नेली, काही प्लेगानं, काही दुसऱ्या मोठ्या मिशनकडं गेली, कारण तिथं शाळा होती आणि दवाखाना होता. आमच्या गोष्टीच्या वेळी, म्हणजे एकोणीसशे अकरा सालच्या सुमाराला, उरलं होतं सांडूचं घर आणि शेजारची सारजाबाई. सारजाबाई ऐंशीची, दोन्ही कानांनी अधू, 'आमेन' नेमकं भलत्याच ठिकाणी म्हणणारी.

इंग्रजी पुस्तक पेटीच्या तळाला फडक्यात गुंडाळून ठेवलेलं होतं. ते कोणाला वाचता येत नव्हतं. दसरा-दिवाळीला जसं हत्यार काढतात तसं वर्षातून एकदा काढून, उन्हात ठेवून, परत ठेवायचे. मराठी शास्त्र मात्र दर ऐतवारी निघायचं. त्याला एकदा वाळवी लागली होती. फकिरा घोडेवाला माणूस, त्याला जिल्दीतलं काय कळणार? त्यानं पानं मोकळी केली, वरची खाल्लेली कोरी कड कातरली, त्याबरोबर पानांवरचे आकडेही कातरले गेले, आणि मग सगळी चळत खोगिराच्या मेणलेल्या दोऱ्यानं दाबणानं शिवून टाकली. सांडू पुढं इब्राहीमभाईच्या हाताखाली शिकून गावातला एक नंबरचा जिल्दसाज झाला, पण बापाच्या त्या शिवणीला त्यानं कधी कात्री लावली नाही. "खोगीर फाटंल, पण ही शिवण उसवायची नाय," असं छाती काढून सांगायचा.

आणि वाचायचा कसा! खड्या आवाजात, हेल काढून, दर ऐतवारी एक पान. ओळीतले बारीक आकडे गिळून टाकायचा. गल्लीतले लोक थांबून ऐकायचे. पण त्यातली भाषा! "अर्भकांस मत्समीप आगमनाचा प्रतिबंध न करावा." आता ही कोणाची मराठी, सांगा. ज्या पंडितानं ती रचली त्याची बायकोसुद्धा घरात असं बोलत नसेल. पोराला हाक मारताना 'रे अर्भका, मत्समीप ये' म्हणणारी आई मला दाखवा. मोठ्या लोकांची ही जुनी रीत आहे: दार उघडायचं, आणि उंबरा एवढा उंच बांधायचा की आत पाय टाकता येऊ नये. सांडूला तरी किती कळत होतं? पायलीतलं चिपटंभर. पण हे तो कबूल करणारा नव्हता. शास्त्र जड असतंच, हलकं असेल तर ते शास्त्र कसलं, असं त्याचं म्हणणं.

त्याची बायको मनकर्णाबाई वेरूळकडची. लग्न होऊन आली तेव्हा बारा वर्षांची होती. फकिरानं घरात एक दंडक घातला होता: सून असो, लेक असो, जबरदस्तीनं कोणाला बुडवायचं नाही. आधी शास्त्र ऐकायचं. ऐकलेलं आपल्या शब्दांत आपल्या तोंडानं सांगायचं. मग मनापासून 'व्हय' म्हणायचं. मगच नदी.

मनकर्णाबाई विशीत 'व्हय' म्हणायच्या बेतात होती. तेवढ्यात तिची अकरा महिन्यांची भागू पटकीनं गेली. एका दिवसात. फकिरा त्याआधीच वारला होता. सांडू पोरीला कापडात घेऊन मोठ्या मिशनच्या दफनभूमीच्या फाटकाशी गेला. तिथल्या पाद्रीबाबानं विचारलं, "बाप्तिस्मा झाला होता?" सांडू म्हणाला, "आमच्यात लहान लेकराला करत नाहीत." पाद्रीबाबा म्हणाला, "मग इथं जागा नाही." शेवटी खाम नदीच्या काठाला, करंजाच्या झाडाखाली पोरीला ठेवलं.

त्याच आठवड्याच्या ऐतवारी जे पान आलं त्यात मनकर्णाबाईला नेमकं कळेल एवढंच होतं. लोकांनी बाळकं आणली. शिष्यांनी त्यांना दटावलं. पान संपलं. पुढं काय झालं ते बघायला सांडूनं पान उलटलं, आणि पुढं होतं की ते ऐकून दहा जण फार क्रोधाला आले.

मनकर्णाबाई उठली. म्हणाली, "एकानं हाकललं ते हाकललं, वरून आनखी धा जन खवळले? लेकरावर? बास झालं." आणि बाहेर जाऊन चुलीपुढं बसली.

तेव्हापासून तीस वर्षं. दर ऐतवारी ती दाराबाहेर ओट्यावर बसून निवडणं-टिपणं करायची. आत वाचन चालायचं. ते पान जवळ आलं की ओटाही सोडून जायची. घरात चहा तिनंही कधी केला नाही, उपासाच्या दिवशी उपास धरला, सारजाबाईचं हवंनको पाहिलं. पण नदीत उतरायचं नाव काढलं की एकच उत्तर. "ज्या दारातून लेकरं हाकलली त्या दारात मी पाय टाकनार नाय."

सांडूला याची धास्ती होती. साहेबानं बापाला आणि बापानं त्याला सांगितलेलं एक त्याच्या मनात पक्कं होतं की नदीत बुडून देवाच्या करारात आलेले नवरा-बायको मेल्यावरही तुटत नाहीत, घर तिकडंही घरच राहतं. पण बायको करारातच नसेल तर? एकदा भांडणात तो म्हणाला, "मेल्यावर काय करशील?" ती म्हणाली, "माझी भागू जिथं हाय तिथं जाईन. तुमचं दार निराळं, माझं निराळं." त्यावर तापट सांडूनं भांडण तिथंच सोडलं. कारण भागू कुठं आहे हे त्यालाही माहीत नव्हतं. वर आहे म्हणावं तर शास्त्रात हाकललेलं. नाही म्हणावं तर जीभ रेटत नव्हती. इंग्रजी पुस्तकात लेकरांबद्दल काही लिहिलं असेल का, असा विचार त्याच्या मनात कितीदा तरी आला. पण ते पुस्तक मुकं.

तर त्या साली हिवाळ्यात इब्राहीमभाईच्या दुकानात मोठं काम आलं. मुंबईहून रेल्वेनं गठ्ठे आले. मिशनच्या शाळेसाठी शास्त्राच्या चाळीस प्रती, छापील ताव नुसते, घड्या घालून जिल्दी बांधायच्या होत्या. शनिवारी द्यायच्या. मराठी भाषांतर नवं कोरं होतं. इब्राहीमभाईला नागरी वाचता येत नव्हती, म्हणून पानं लावायचं काम सांडूचं. जिल्दसाजीत छापील तावाला घड्या घातल्या की सोळा पानांचं एक जुज होतं. जुजं एकावर एक रचताना दर पानाची शेवटची ओळ आणि पुढच्या पानाची पहिली ओळ जुळते का ते वाचून बघायचं, हा कामाचा नियम. त्यात चूक झाली तर सगळी जिल्द वाया.

सांडूनं पहिलं जुज उचललं, चार ओळी वाचल्या आणि तिथंच भडकला.

"हे काय उस्ताद! हे काय शास्त्र म्हणायचं? 'बाई पाणी भरायला आली.' 'तो म्हणाला, मला तहान लागलीय.' असं तर आमची मनकर्णा बोलती! देव काय गुलमंडीवर भाजी घ्यायला आलाय?"

"क्यूं, देव भाजी खात नाय?" इब्राहीमभाईनं खळ ढवळता ढवळता विचारलं.

"थट्टा नका करू. शास्त्राला वजन पायजे. ऐकणाऱ्याची मान खाली गेली पायजे."

"मान खाली झोपेनं बी जाती रे," उस्ताद म्हणाला. मग जरा गंभीर झाला. फळीवर कुराणाची एक जुनी प्रत दुरुस्तीला आली होती, तिच्याकडं त्यानं हनुवटीनं दाखवलं. "वो देख. वर अरबी, हर ओळीच्या खाली बारीक उर्दू. माझे अब्बा नुस्तं अरबी पढायचे. पढता पढता रडायचे. पण कशावर रडतो ते त्यांनला ठाऊक नव्हतं, आवाजावरच रडायचे बिचारे. मी जवान झालो तवा खालचा तर्जुमा वाचला. तब मालूम पडा, अब्बा जिथं रडायचे तिथं तर हसण्याची बात होती, खुशखबर होती! अरबी गेली का कुठं? वरच हाय. पण मला आता माझ्या अकलेनं रडता येतं."

"तुमचं वेगळं," सांडू गुरगुरला आणि कामाला लागला. मनातून मात्र ती गोष्ट त्याला टोचली.

गुरुवारी दुपारी ते जुज हाताशी आलं. सांडू सवयीनं मोठ्यानं बोलत जुळवत होता. शेवटची ओळ: "लोक लेकरांना त्याच्याकडं घेऊन आले, पण शिष्य त्यांना दटावू लागले." पान उलटलं. आता ते दहा जण येणार, चिडलेले. पहिली ओळ वाचली: "हे बघून येशू शिष्यांवरच रागावला."

सांडूनं पान परत उलटलं. परत वाचलं. मग त्याचा चेहरा खुलला.

"उस्ताद! सापडली चूक! म्हटलं नव्हतं मी? नव्या लोकांनी शास्त्र बिघडवलं! हे पान इथलं नायच. 'हे पाहून तो रुष्ट झाला' हे तेलवाल्या बाईच्या मागचं हाय. एक बाई येती, महागाचं तेल त्याच्या डोक्यावर ओतती, आणि मग तो रागावतो. तीस वर्षं वाचतोय मी! ताव घडीत चुकला."

"दूसरा देख," इब्राहीमभाई शांतपणे म्हणाला.

सांडूनं दुसऱ्या प्रतीचं जुज काढलं. तेच. तिसऱ्याचं. तेच. घाईघाईनं दहा काढली, वीस काढली. चाळीसच्या चाळीस. तेलवाल्या बाईचं पान काढलं. तिथं तो बाईवर रागावलाच नव्हता. रागावले होते दुसरेच, आणि त्यानं उलट त्यांना गप्प केलं होतं, की बाईला छळू नका, तिनं चांगलं केलं.

सांडूनं जुजांचा ढीग परत रचायला घेतला.

इब्राहीमभाईनं चष्मा कपाळावर चढवला. "सांडू, एक बात बोलूं? गुस्सा नको करू. चाळीस प्रती चुकल्या आणि तुझी एकच बरोबर, असं मी आजतक जिल्दसाजीत बघितलं नाय. तुझी किताब कोणी बांधली होती?"

सांडूचे कान लाल झाले होते. आयुष्यभर लोकांच्या पुस्तकांची पानं यानं जुळवून बघितली. कुराण बांधलं, पोथ्या बांधल्या, जहागीरदारांची दप्तरं बांधली. स्वतःच्या बापानं बांधलेल्या एका पुस्तकाची मात्र कधी एक ओळ पुढच्या ओळीला लावून बघितली नाही.

"जा घरी," उस्ताद म्हणाला. छापखान्यानं खराबीसाठी म्हणून काही ताव जादा पाठवले होते. त्यातलं ते जुज त्यानं सांडूच्या हातात दिलं. "और सुन, वाटेत कोणाशी भांडू नको."

मनकर्णाबाई ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती. शेजारी सारजाबाई उन्हाला पाय पसरून. सांडू भर दुपारी घरी आलेला बघून मनकर्णाबाईनं विचारलं, "काय झालं? उस्तादाशी वाजलं का?"

"नाय."

"मग कुनाशी वाजलं?"

"कोणाशीच नाय. ऐक जरा."

"आज ऐतवार हाय का?"

"अगं ऐक तरी!"

तो ओट्यावरच बसला. हेल नाही, खडा आवाज नाही. छापलंय तसंच वाचलं, शेजाऱ्याला पत्र वाचून दाखवावं तसं. "लोक लेकरांना घेऊन आले. शिष्य त्यांना दटावू लागले." तिच्या हातातलं सूप थांबलं. ती उठायला लागली. सांडूनं तिच्या लुगड्याचा काठ धरला आणि पुढं वाचलं. हे बघून येशू शिष्यांवरच रागावला. म्हणाला, लेकरांना माझ्याकडं येऊ द्या, अडवू नका त्यांना. देवाचं घर असल्यांचंच आहे. मग त्यानं एकेकाला कवेत घेतलं, डोक्यावर हात ठेवला.

मनकर्णाबाई अर्धी उठलेली तशीच राहिली.

"पुन्यांदा वाचा."

त्यानं वाचलं.

"हे कुनाचं शास्तर हाय?"

"आपलंच."

"आपल्यात तर हाकललं होतं. धा जन खवळले होते."

"तेच बघायचंय," सांडू म्हणाला आणि आत जाऊन बापाचं पुस्तक घेऊन आला. ते पान उघडलं. आजवर गिळलेले बारीक आकडे त्यानं आज बोट ठेवून वाचले. बाळकांना दटावलं, आकडा तेरा. पान उलटलं. दहा जण रागावले, आकडा एक्केचाळीस. मधले आकडेच नाहीत. मग तेलवाल्या बाईच्या मागं गेला. तिथं होतं ते पान. पहिला आकडा चौदा. कडेला जुन्या डिंकाचा पिवळा पट्टा, आणि त्यावरून बापाचा जाड दोरा गेलेला. सुटं झालेलं पान फकिरानं जिथं जागा दिसली तिथं चिकटवून शिवून टाकलं होतं.

"काढा ते. जागच्या जागी लावा," मनकर्णाबाई म्हणाली.

सांडूच्या हातात चाकू होता, पण हात पुढं जाईना. "बापाची शिवण हाय गं. साहेबाच्या हातचं शास्त्र. याला धार लावायची म्हणजे..."

"म्हंजे काय? आवं, दर ऐतवारी वाचन झालं की काय म्हनता तुमी? मी भाईर बसती, भैरी नाय. आमचा विश्वास असा, आमचा विश्वास तसा, एक-एक करून म्हनता. त्यातलं शास्तराचं काय हाय?"

सांडू चाकूची मूठ चोळत राहिला.

"मी सांगू? शास्तर देवाचं खरं, पन मानसानं जितकं नीट दुसऱ्या बोलीत उतरवलं तितकं. हे तुमच्या साहेबानंच शिकवलं ना तुमच्या बापाला? मंग? मानसाचा हात लागला तिथं चूक व्हनारच, हे ठाऊक असलेला साहेब होता तो. तुमीच तेवढं घोकलं अन् गिळलं, त्या आकड्यांवानी."

ती कधी नदीत उतरली नव्हती, आणि पंथाचं म्हणणं तिला त्याच्यापेक्षा जास्त पाठ होतं! सांडूनं एरवी आकाश डोक्यावर घेतलं असतं. आज त्यानं मान खाली घालून दोरा कापला. कट्ट आवाज आला. खोगिराचा दोरा तो, सहज थोडाच तुटतो. पान मोकळं झालं. ते त्यानं तेराच्या पुढं ठेवलं. तेरा, चौदा. आणि जड मराठीतली ती ओळ, 'अर्भकांस मत्समीप आगमनाचा प्रतिबंध न करावा', तिथं बसली तशी तीसुद्धा एकदम बोलू लागली. तीस वर्षांत कितीदा तरी त्यानं हीच ओळ वाचली होती, पण तेलाच्या बाईमागं. भाषा कळणारी असती तर पहिल्याच ऐतवारी गल्लीतलं पोरही म्हणालं असतं, 'दादा, पान चुकलं.' न कळणाऱ्या शब्दांचा हा फायदा. त्यात पान चुकलं काय आणि माणूस चुकला काय, पत्ता लागत नाही.

मनकर्णाबाईचा चेहरा लाल झाला. सांडूला वाटलं आता रडणार. ती कडाडली.

"तीस वरसं! तुमच्या बापानं माझं लेकरू खोगिरात शिवून टाकलं, अन् तुमी वर बसून तीस वरसं हाकलत राह्यला! एवढे जिल्दसाज, गावाची पुस्तकं बांधता, घरचं एक पान दिसलं नाय?"

"नाय दिसलं," सांडू म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडून पुढचे दोन शब्द निघाले. "चुकलं माझं."

हे ऐकून तिचा राग कुठल्या कुठं गेला. ती मटकन खाली बसली. सूप कलंडलं, ज्वारी ओट्यावर सांडली. आणि मग ती रडली. त्या रडण्यात मधूनच हसू येत होतं. "मांडीवर घेतलं म्हनं," ती सारजाबाईच्या कानात ओरडली. "आत्याबाई, लेकरं हाकलली नव्हती! चेल्यांनलाच झापलं! कवेत घेतलं समद्यांनला!"

"आमेन," सारजाबाई म्हणाली. सबंध आयुष्यात ती पहिल्यांदाच बरोबर जागी म्हणाली असावी.

सांडू भिंतीला टेकला. दुकानात पुस्तक शिकंज्यात घालून मळसूत्र आवळतात, रात्रभर ठेवतात आणि सकाळी सैल करतात. तेव्हा कागद हलकेच श्वास सोडल्यासारखा फुगतो. सांडूचं तसं झालं. भागू कुठं आहे, या प्रश्नाला आता उत्तर होतं, आणि ते कोणत्या पाद्रीबाबाच्या फाटकावर अडणारं नव्हतं.

"आता सांग," तो जरा वेळानं म्हणाला. बापाचा दंडक त्याला आठवला होता. "ऐकलंस ते तुझ्या शब्दांत सांग."

मनकर्णाबाईनं नाक पुसलं. "त्यात काय सांगायचंय? आया लेकरं घेऊन आल्या. मोठं म्हनवणारे दारात आडवे झाले. ज्याचं घर होतं त्यालाच त्यांचा राग आला. म्हनला, व्हा बाजूला, हे घर यांचंच हाय. अन् घेतलं उचलून. आमची भागूबी उचलली आसंल. हातापायानं लई वळवळी होती, सांभाळून घेतलं म्हंजे झालं."

"व्हय का?"

"व्हय," ती म्हणाली. मग त्याच्याकडं बघून म्हणाली, "व्हय म्हनते मी. त्याला. तुमाला नाय."

शनिवारी चाळीस प्रती वेळेवर गेल्या. इब्राहीमभाईनं कागजीपुऱ्याचा जाड कागद पुठ्ठ्यांना लावून एक जास्तीची जिल्द तयार केली. जादा तावांमधून जेवढी जुजं पुरी झाली तेवढी, म्हणजे चारही शुभवर्तमानं, मिशनच्या मास्तरांना विचारून सांडूनं मागून घेतली होती. जुनं शास्त्र आणि नवं, दोन्ही त्यानं त्या जिल्दीत बांधली. जुनं आधी, नवं त्याच्या मागं. बापाचा दोरा टाकवला नाही. तो गुंडाळून त्याची खूणदोरी केली, ती त्या पानात.

"ऊपर अरबी, नीचे उर्दू," इब्राहीमभाई म्हणाला. "आता माणसात आलास. चल, ह्या खुशीत चाय पी."

"पाणी द्या," सांडू म्हणाला.

"या अल्ला! तर्जुमा बदलला, हा नाय बदलला!"

ऐतवारी सकाळी तिघं खाम नदीच्या डोहावर गेली, करंजाच्या झाडापासून हाकेच्या अंतरावर. सारजाबाई काठावर घोंगडी पांघरून बसली. इब्राहीमभाईही आला होता, "आमच्यात बी नमाजाआधी हातपाय धुवायचा वजू असतो, बघतो तुमचं कसं असतं," म्हणत. मनकर्णाबाई लुगड्याचा काचा मारून पाण्यात उतरली. सांडूनं तिच्या पाठीला हात दिला, दुसरा हात वर केला, आणि बापानं शिकवलेले शब्द म्हणाला. शब्द थोडे होते आणि सोपे होते, ते तेवढे साहेबानं मुळातच सोपे शिकवले होते. मग त्यानं तिला आखीच्या आखी बुडवली आणि वर काढली.

ती दातांवर दात आपटत वर आली. केसांतून पाणी निथळत होतं.

"काय गार पानी हे! तीस वरसं आधी घातलं आसतं तर उन्हाळा तरी हुता."

"तीस वर्षं तूच बाहेर बसलीस."

"मी बसले? पान कुनी हुकवलं?"

"बापानं."

"मंग त्यांनला तिकडं गेल्यावर बघते," मनकर्णाबाई म्हणाली. काठावर आल्यावर तिनं करंजाकडं एकदा बघितलं, पदर पिळला, आणि सांडूच्या हाताचा आधार घेत चिखलातून वर चढली. "चला लवकर. आज मी आत बसनार हाय, अन् ते लेकरांचं पानच वाचायचं. मेल्यावर आता दोन दारं हुडकत बसायला नको."